आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?

हा प्रश्न मला आजवर किती जणांनी विचारलाय याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली. विचारणारे सगळे शहाणेसुरते लोक. कविता लिहिणारे, गडकिल्ल्यांचे फोटो टाकणारे, आजीच्या पाककृती उतरवून ठेवणारे, आणि अलीकडे तर खुद्द आमच्या घरातले काका-आत्या-भावजी. प्रश्नाचा सूर असा की डेटाबेसला नीट कुलूप लावा म्हणणारी मी म्हणजे झोपडीत राहणाऱ्याच्या गळ्यात तिजोरी मारायला आलेली विक्रेती!

डेटाबेस सांभाळणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. त्यामुळे आज या प्रश्नाशी जरा रीतसर भांडायचं म्हणतेय. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. भांडणाचा शेवटचा भाग त्यांच्यासाठीच आहे, तेव्हा मधले तांत्रिक परिच्छेद रटाळ वाटले तरी पळून जाऊ नका.

सगळ्यात आधी ते ‘चोरण्यासारखं’ प्रकरण. चोराला तुमची कविता नकोच आहे हो. (माझे लेखही नकोत, रडू नका.) त्याला तुमची जागा हवी असते. तुमच्या नावाचं डोमेन बरीच वर्षं जुनं असतं, गूगलची त्याच्यावर बऱ्यापैकी मर्जी असते. अशा जागेच्या पोटात औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिरातींची शेकडो पानं लपवता येतात. तुमच्या सर्व्हरवरून तुमच्या नावाने हजारो मेल पाठवता येतात. तुमच्या वाचकांनी प्रतिक्रिया देताना दिलेले ईमेल पत्ते उचलता येतात, आणि सभासद नोंदणीची सोय असेल तर त्यांचे पासवर्डसुद्धा. लोक एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात, त्यामुळे तुमच्या पाककृतींच्या साइटवरचा पासवर्ड पुढे मेलबॉक्सला आणि मेलबॉक्समधून बँकेला लागतो. २००९ च्या डिसेंबरात रॉकयू नावाच्या कंपनीचा डेटाबेस फुटला. कंपनीचा धंदा काय, तर सोशल नेटवर्कवरची खेळणीवजा अ‍ॅप्स. ‘चोरण्यासारखं’ म्हणावं असं तिच्याकडे काहीच नव्हतं, फक्त तीन कोटी वीस लाख पासवर्ड होते, तेही साध्या वाचता येईल अशा अक्षरांत ठेवलेले. ती यादी आजतागायत पासवर्ड फोडणाऱ्यांची बाराखडी म्हणून वापरली जाते.

शिवाय कोणी तुम्हाला ‘निवडून’ येत नाही. बॉट नावाचा प्राणी रात्रंदिवस एकेक पत्ता ठोठावत फिरत असतो. आत कवी राहतो की सराफ, हे तो बघत नाही. कडी निघाली की आत.

आता मूळ विषय. आपल्यापैकी बहुतेक जण स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग घेतात. महिन्याला दोन मिसळींच्या पैशांत जागा मिळते, मग घेऊ नये तर काय करावं! पण त्या पैशांत नेमकं काय मिळतं? एक यंत्र. त्यावर शेकडो गिऱ्हाइकं, आणि सगळ्यांसाठी मिळून बहुतेक वेळा एकच मायएसक्यूएल सर्व्हर. म्हणजे थेट चाळच. प्रत्येकाची खोली वेगळी, दाराला कुलूप वेगळं, पण गॅलरी सामाईक, नळ सामाईक आणि भिंती बिल्डरने बांधल्या असतील तेवढ्याच जाड.

ब्लॉगला डेटाबेसशी बोलायचं तर पासवर्ड लागतो, आणि तो कुठेतरी लिहून ठेवावाच लागतो. वर्डप्रेसमध्ये तो डब्ल्यूपी-कॉन्फिग नावाच्या फाइलमध्ये असतो, साध्या अक्षरांत. हे ऐकल्यावर दर दहातले नऊ जण विचारतात, ‘मग तो कूटभाषेत का नाही ठेवत?’ ठेवा की. पण उलगडायची किल्ली त्याच यंत्रावर, त्याच प्रोग्रामला वाचता येईल अशा जागी ठेवावी लागणार. किल्ली पायपुसण्याखाली ठेवून कुलूप महागाचं घेतल्याने काय साधणार? तेव्हा पासवर्ड त्या फाइलमध्येच राहणार, आणि ती फाइल शेजाऱ्याला वाचता येते की नाही एवढाच खरा प्रश्न उरतो.

पूर्वी बऱ्याच ठिकाणी ती वाचता यायची. कारण समजायला सोपं आहे. यंत्रावरच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पीएचपी प्रोग्राम एकाच नावाने चालायचे, बहुधा ‘नोबडी’ या नावाने. (नाव काय समर्पक आहे पहा. चोरी कोणी केली? कोणीच नाही.) तुमची फाइल ‘नोबडी’ला वाचता आली नाही तर तुमचाच ब्लॉग बंद पडणार, म्हणून तिला सगळ्यांना वाचता येईल अशी ६४४ ही परमिशन द्यावी लागायची. आणि तुमची फाइल ‘नोबडी’ वाचू शकतो म्हणजे शेजाऱ्याचा प्रोग्रामही वाचू शकतो, कारण तोही ‘नोबडी’च! ‘६०० करा, फक्त मालकाला वाचता येईल’ हा सल्ला अशा यंत्रावर पाळला की ब्लॉग आडवा. गिऱ्हाइकाच्या हातात काहीच नव्हतं. पीएचपीत ‘सेफ मोड’ नावाचं एक सोंग होतं, तेही शेवटी पीएचपीवाल्यांनीच २००९ मध्ये मोडीत काढलं आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत उपटून टाकलं, कारण हे काम भाषेचं नसून यंत्राच्या रचनेचं आहे हे त्यांना उमगलं होतं.

याची जाहीर परीक्षा झाली २०१० च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेत. नेटवर्क सोल्यूशन्स या मोठ्या होस्टिंग कंपनीकडचे वर्डप्रेस ब्लॉग धडाधड पडायला लागले. कॉन्फिग फाइली वाचून डेटाबेसचे पासवर्ड मिळवले गेले, मग थेट डेटाबेसमध्ये शिरून साइटचा पत्ता लिहिलेली नोंद बदलली गेली, आणि ब्लॉग उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये भलतंसलतं काहीतरी यायला लागलं. ब्लॉगच्या फाइलींना कोणी हात लावला नव्हता, त्यामुळे फाइली तपासणारे बिचारे तपासतच राहिले. लगेच वाद पेटला, दोष कोणाचा? वर्डप्रेसचा, गिऱ्हाइकाचा की होस्टचा? वर्डप्रेसच्या मॅट मलनवेगने त्याच आठवड्यात लिहिलं की एकाच यंत्रावरच्या लोकांना एकमेकांच्या फाइली वाचता येत असतील तर ती सर्व्हरच्या मांडणीची चूक आहे. तो वर्डप्रेसचाच माणूस, तेव्हा आपल्या पोराची बाजू घेणार हे उघड आहे. तरी या बाबतीत त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. चाळीच्या दोन खोल्यांमधली भिंत पुठ्ठ्याची असेल तर भाडेकरूला ‘तुम्ही दागिने नीट ठेवले नाहीत’ म्हणणं हा निव्वळ चावटपणा आहे.

आणि हा चावटपणा अजून चालू आहे. आमच्या एका साइटसाठी एका होस्टिंगवाल्यांना (नाव राहू द्या, सगळे साधारण सारखेच) मी साधा प्रश्न विचारला होता, ‘तुमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं पीएचपी त्याच्या स्वतःच्या नावाने चालतं का?’ तीन दिवसांनी उत्तर आलं, ‘प्रिय ग्राहक, कृपया आपला पासवर्ड बदला.’ मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, फक्त या वेळी खाली महागड्या ‘सुरक्षा पॅकेज’ची जाहिरात. म्हणजे भिंत पुठ्ठ्याची आहे का हे सांगणार नाही, पण विटांची हवी असेल तर वेगळे पैसे द्या! आजकालच्या बऱ्याच बऱ्या होस्टकडे प्रत्येक खातं वेगळ्या पिंजऱ्यात असतं, पीएचपी मालकाच्या नावाने चालतं, ६०० किंवा ६४० परमिशन दिली तरी काही अडत नाही. तेव्हा हा प्रश्न विचारा. सरळ ‘हो’ आलं तर ठीक. गोल गोल आलं तर बाडबिस्तरा उचला. जागांना तोटा नाही.

इथवर माझ्या ब्लॉगर मित्रांनी जोरजोरात माना डोलावल्या असतील. आता तुमची पाळी.

होस्टने बांधलेली पुठ्ठ्याची भिंत दिसली की आपण तावातावाने बोलतो, पण आपणच भिंत पाडून हॉल मोठा करतो त्याचं काय? चार-पाच ब्लॉगर वर्गणी काढून एकच खातं घेतात. स्वस्त योजनेत डेटाबेस एकच मिळतो, किंवा जास्त मिळत असले तरी नवीन बनवायचा कंटाळा. मग त्या एकाच डेटाबेसमध्ये पाचही ब्लॉग कोंबायचे. टेबलांच्या नावांना वेगवेगळे प्रीफिक्स दिले, एकाला ‘कविता अंडरस्कोर’, दुसऱ्याला ‘भटकंती अंडरस्कोर’, आणि झाली म्हणे सुरक्षितता! प्रीफिक्स म्हणजे डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. ‘साखर’ लिहिल्याने मुंग्या चहापत्तीकडे जात नाहीत. पाचही ब्लॉग एकाच डेटाबेस युजरच्या एकाच पासवर्डने आत येतात. त्यातल्या भटकंतीवाल्याने फोटोंच्या स्लाइडशोसाठी एक फुकट प्लगिन टाकलं आणि दोन वर्षं अद्ययावत केलं नाही, की त्या भोकातून आलेला माणूस पाचही घरांचा मालक.

‘माझा पासवर्ड सोळा अक्षरी आहे’ हे इथे अजिबात कामाचं नाही. डेटाबेसमध्ये लिहिता येणाऱ्याला तुमचा पासवर्ड फोडायची गरजच काय? तो सभासदांच्या टेबलात तुमच्या पासवर्डच्या जागी स्वतःच्या पासवर्डचं सांकेतिक रूप चिकटवतो आणि पुढच्या दाराने, तुमच्या नावाने, रुबाबात आत येतो. कुलूप कितीही दणकट असू दे, चोर किल्लीच नवी करून घेणार असेल तर काय उपयोग.

त्यामुळे माझा हट्ट असा की प्रत्येक ब्लॉगला वेगळा डेटाबेस आणि वेगळा डेटाबेस युजर. आणि खरं सांगायचं तर तेवढंही अर्धंच. पाचही ब्लॉग एकाच होस्टिंग खात्यात असतील तर फाइलींचा मालक एकच असतो, म्हणजे एका ब्लॉगमध्ये शिरलेला प्रोग्राम इतर चौघांच्या कॉन्फिग फाइली आरामात वाचतो आणि तिथून वेगवेगळे पासवर्ड गोळा करतो. वेगळं खातं हेच खरं उत्तर. ‘मग वर्गणीचा फायदा काय उरला?’ काहीच नाही. मैत्री टिकवायची असेल तर भिशी लावा, होस्टिंग एकत्र घेऊ नका.

दुसरी सवय ‘ग्रँट ऑल’ची. डेटाबेस युजर बनवताना पॅनेल विचारतं, कोणकोणते अधिकार देऊ? आणि वर एक चौकोन असतो, ‘सगळे’. माउस आपोआप तिकडेच जातो. रोजच्या कामाला ब्लॉगला चार अधिकार पुरतात : वाचणं, नवी नोंद करणं, बदलणं आणि पुसणं. टेबल बनवणं, मोडणं, त्याची रचना बदलणं हे अधिकार नवी आवृत्ती किंवा एखादं प्लगिन बसवतानाच लागतात. यावर मला नेहमीचं उत्तर येतं, की दर अपडेटला अधिकार द्या आणि मग काढा, एवढा वेळ कोणाला आहे? मान्य. वर्डप्रेस स्वतःहून अपडेट होऊ देणं हे अधिकार आवळून ठेवण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, तेव्हा एकट्याच्या ब्लॉगसाठी मी या मुद्द्यावर फार ताणत नाही. पण जिथे एकाच माहितीवर दोन-तीन प्रोग्राम चालतात तिथे मी ऐकणार नाही. निव्वळ यादी दाखवणाऱ्या पानाला पुसण्याचा अधिकार कशाला हवा? तो फक्त वाचणारा युजर असू दे. भोक पडलंच तर माहिती बघितली जाईल, निदान नष्ट तरी होणार नाही.

या अधिकारांमध्ये एक भारी गंमत आहे, धंद्यातल्या लोकांनासुद्धा कधी कधी ठाऊक नसते. मायएसक्यूएलमध्ये अधिकार देताना डेटाबेसच्या नावातलं अंडरस्कोर हे नुसतं अंडरस्कोर नसतं, त्याचा अर्थ ‘इथे कोणतंही एक अक्षर’ असा होतो! समजा राम नावाच्या गिऱ्हाइकाचा डेटाबेस आहे ‘आर-ए-एम अंडरस्कोर ए अंडरस्कोर बी’. शेजारी रम्या राहते, तिचा डेटाबेस ‘आर-ए-एम-वाय-ए अंडरस्कोर बी’. अक्षरं मोजून पहा, दोन्हीकडे सातच. अंडरस्कोरच्या आधी उलटी तिरकी रेघ न मारता रामला त्याच्या डेटाबेसचे अधिकार दिले, तर रम्याचं घर त्याला फुकटात मिळतं. चांगली पॅनेलं ही रेघ स्वतःहून मारतात. पण स्वतःचं यंत्र भाड्याने घेऊन मित्रांना जागा देणारा, आज्ञा हाताने टंकणारा जो एक हुशार भाचा प्रत्येक घरात असतो, तो मारत नाही. हे मायएसक्यूएलच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. कागदपत्रं वाचतो कोण, असो.

त्याच भाच्याची आणखी एक आवडती युक्ती. घरी बसून काम करता यावं म्हणून डेटाबेस बाहेरून उघडा ठेवायचा, ‘कुठूनही या’ असं टक्केचिन्ह टाकून. ‘पासवर्ड आहे ना त्याला!’ होय, आहे. २०१२ च्या जूनमध्ये जाहीर झालेल्या एका दोषामुळे मायएसक्यूएल आणि मारियाडीबीच्या काही बांधण्यांमध्ये चुकीचा पासवर्ड साधारण २५६ पैकी एकदा बरोबर ठरायचा. तोच चुकीचा पासवर्ड काहीशे वेळा टाकत राहायचा, बस्स. काही सेकंदांचं काम. ज्यांचा डेटाबेस फक्त आपल्याच यंत्राशी बोलत होता ते त्या आठवड्यात बरेच शांत झोपले. आणि ज्यांना पासवर्डच नव्हता त्यांची गोष्ट २०१७ च्या जानेवारीत झाली : इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस कोणीतरी पुसले आणि आत खंडणीची चिठ्ठी ठेवली. पैसे भरूनही माहिती परत मिळाली नाही असे किती तरी निघाले, कारण पुसणाऱ्याने आधी उतरवून घेण्याचे कष्टच घेतले नव्हते. २०२० च्या जुलैमध्ये तर ‘म्याऊ’ आलं. खंडणी नाही, चिठ्ठी नाही, नुसतं पुसायचं आणि मागे ‘म्याऊ’ हा शब्द सोडायचा. ‘चोरण्यासारखं काय आहे’ म्हणणाऱ्यांनी या म्याऊचा जरा विचार करावा. त्याला चोरायचं नव्हतंच.

म्हणून बॅकअप. बॅकअप सगळेच घेतात, आणि बरेच जण तो ठेवतात कुठे? त्याच सर्व्हरवर, त्याच सार्वजनिक फोल्डरमध्ये, ‘बॅकअप’ अशाच नावाने. बॉट पहिल्या दहा हाकांत हे नाव घेऊन बघतो. अख्खा डेटाबेस एका फाइलीत, पासवर्ड न विचारता. तसंच कॉन्फिग फाइल बदलताना जुनी प्रत ‘बॅक’ किंवा ‘ओल्ड’ शेपूट लावून ठेवायची सवय. शेपूट बदलली की सर्व्हर तिला प्रोग्राम मानत नाही, साधा मजकूर म्हणून मागेल त्याला वाचायला देतो. म्हणजे काळजीने घेतलेली प्रत हेच भगदाड.

आणि आपण मराठीत लिहिणाऱ्यांनी तर एक गोष्ट जास्तीची करायला हवी. बॅकअप परत भरून पाहा. मायएसक्यूएलची ठरीव अक्षरव्यवस्था २०१८ मध्ये आवृत्ती ८.० येईपर्यंत ‘लॅटिन-१’ होती, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांपुरती. इंग्रजी ब्लॉग कसाही उतरवला-चढवला तरी बहुतेक तसाच्या तसा येतो. आपला येतो तो अगम्य युरोपीय अक्षरांच्या रांगोळीसारखा, नाहीतर नुसत्या प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखा. रांगोळी दिसली तर देवाचे आभार माना, मूळ बाइट्स शाबूत असतात, उलटी प्रक्रिया करून मजकूर बहुतेक वेळा परत मिळतो. प्रश्नचिन्हं दिसली तर खेळ खलास. अक्षर गेलं आणि त्याच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह बसलं, आता जगातला कोणीही तज्ज्ञ ते परत आणू शकत नाही. काही मराठी ब्लॉग असे गेलेले मी पाहिलेत. शीर्षकाच्या जागी सहा प्रश्नचिन्हं, खाली पाचशे प्रश्नचिन्हं, आणि मधे शाबूत राहिलेला एक इंग्रजी शब्द : ‘ओके’.

तर आता घरच्या मंडळींकडे येते.

आमच्या सासरच्या कुलवृत्तांताची वेबसाइट बनवायचं घाटतंय हे तुम्हाला माहीत आहेच. कल्पना छान आहे, मी स्वतः तिच्या बाजूने आहे. पण ठरलंय ते असं : स्वस्तातलं एक शेअर्ड होस्टिंग, त्यावर एक डेटाबेस, त्याच डेटाबेसमध्ये एका मंडळीचं लग्नसराईचं दुकान चालतं त्याचीही टेबलं, कारण ‘जागा शिल्लक आहे’. एक युजर, सगळे अधिकार. आणि पासवर्ड कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, म्हणजे नव्वद जणांकडे, ज्यांतले निदान दहा जण फोन हरवण्यात पटाईत. मी हरकत घेतली तेव्हा तोच प्रश्न, ‘अगं, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय? नावं आणि वंशावळी!’

काय आहे ते सांगते. प्रत्येक हयात माणसाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता, मोबाइल. आणि कुलवृत्तांताच्या रीतीप्रमाणे प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं गाव. ‘तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?’ हा प्रश्न बँका आणि मेलवाले ओळख पटवायला वर्षानुवर्षं विचारत आलेत. आपण त्याचं उत्तर नव्वद घरांसाठी ओळीने, टेबल करून मांडणार आहोत. शिवाय कोण कोणाचा चुलतभाऊ, कोणाचा मुलगा अमेरिकेत, कोण एकटी राहते. ‘आजी, मी तुमच्या अमक्याचा मित्र बोलतोय, तो अडचणीत आहे’ असे फोन करणाऱ्याला आणखी काय लागतं? त्याने एवढी माहिती जमवायची म्हटलं तर वर्ष जाईल. आपण ती त्याला अकारविल्हे लावून देतोय.

यावर मोठ्या काकांचा मुद्दा असा की हे सगळं छापील पुस्तकात आहेच, तीनशे प्रती घरोघरी आहेत, तेव्हा नाही कोणी काही केलं. काका, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते, पुस्तक चोरायला कोणाला तरी तुमच्या कपाटापर्यंत यावं लागतं, आणि आलाच तर तुम्ही त्याला चहा देऊन वंशावळ समजावून सांगाल. डेटाबेसची पूर्ण प्रत दोन सेकंदांत निघते, निघाली हे कळतही नाही, आणि ‘साठीच्या वरच्या, एकट्या राहणाऱ्या बायका’ एवढं विचारलं की यादी हजर. तुमच्या पुस्तकात मोबाइल नंबर नव्हते हेही आहेच.

कायद्याचा धाक मला घालायचा नाही. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आहे, सुरक्षेत कसूर केल्यास त्यात २५० कोटींपर्यंत दंड लिहिलाय, आणि एखाद्या व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला सूटही दिलीय. नोंदणीकृत कुलमंडळ ‘घरगुती’त बसतं का, यावर आपले दोन वकील भावजी दिवाळीत वाद घालतील, घालू देत. माझा मुद्दा त्याआधीचा आहे. ज्या सुनांची माहेरं आपण त्या टेबलात भरतोय, त्यांतल्या किती जणींना विचारलं? मला नाही विचारलं.

म्हणून काम माझ्याकडे देणार असाल तर ते असं होईल. खातं स्वतंत्र, दुकान त्याच्या घरी. हयात माणसांच्या जन्मतारखेचं फक्त वर्ष, पत्ता आणि मोबाइल डेटाबेसमध्ये अजिबात नाही. नसलेली गोष्ट चोरीला जात नाही, आणि कोणाचा नंबर हवाच असेल तर आत्याला फोन करा, तिच्याकडे सगळ्यांचे आहेत. सुनेचं माहेर तिने स्वतः ‘चालेल’ म्हटलं तरच. पानं दाखवणाऱ्या प्रोग्रामला फक्त वाचायचा अधिकार. माहिती भरणारे तिघे, तिघांना वेगळी नावं आणि वेगळे पासवर्ड, आणि ते ग्रुपवर नाहीत. महिन्यातून एकदा बॅकअप उतरवून माझ्या घरच्या संगणकावर भरून पाहिला जाईल, आणि मूळ पुरुषाच्या नावापासून परवाच्या बारशापर्यंत सगळं देवनागरी नीट दिसतंय ना हे सासूबाई चष्मा लावून तपासतील. त्यांनी होकार दिलाय.

हे ‘फारच कडक’ वाटत असेल तर भाचा आहेच. पण मग माझं आणि माझ्या मुलीचं नाव त्या टेबलात घालू नका, हे मी इथे लेखी देतेय.